रिकाम्या डब्याचा गारवा

नियम करणाऱ्या साहेबांनो, तुम्ही माणसांना खोटं बोलायला लावता आणि मग ते खोटं तपासायला माणूस पाठवता. 'घरात गारव्याचं मशीन बसवल्याखेरीज राहण्याचा दाखला नाही', ही ओळ तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिली. तीही थंडगार खोलीत बसून.

ही ओळ ज्या घराच्या मुळावर उठली, ते भुसावालीनं आखलं होतं. नाव गवंड्यांनी ठेवलेलं. पश्चिमेला दुहेरी भिंत घालून मधल्या पोकळीत तिनं चुना कालवलेला लाकडाचा भुसा ठासला, तेव्हा ते म्हणाले, "बाई, घर बांधताय की गादी भरताय?" खिडक्यांवर तिनं असे लांब सज्जे काढले, की उन्हाळ्याचं ऊन बाहेरच खोळंबावं आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन पाहुण्यासारखं आत येऊन बसावं. जिन्याच्या माथ्यावर झरोका ठेवला. तापलेली हवा तिथून गुपचूप काढता पाय घ्यायची. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळायचं, आत तिचे सासरे शाल पांघरून बसायचे.

तिनं स्वतः आखलेलं हे पहिलंच घर, तेही राहतं. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "तुझ्या घराला दाखला मिळू दे, मग माझंही तूच बांध." दुसरं घर मिळालं नाही, तर भुसावालीला जन्मभर दुसऱ्यांनी आखलेल्या काचेच्या पेट्यांसारख्या इमारतींचे नकाशे गिरवावे लागणार होते.

"सूनबाई, टाक की एक मशीन आणून," सासरे म्हणाले.

"बाबा, त्याला भिंतीत भोक पाडावं लागतं. भुसा सांडेल, ऊन शिरेल, आणि मग मशीन खरंच लागेल!"

"भोक कशाला? नुसतं टांगायचं."

सासऱ्यांची हयात नाटकांची नेपथ्यं उभारण्यात गेलेली. पुठ्ठ्याचे किल्ले उभे करणाऱ्याला मशीनचं काय! दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी आतडी काढलेल्या मशीनचा डबा उचलून आणला, दोन स्क्रूंवर टांगला आणि रिमोट हातात घेऊन राजासारखे बसले.

तपासनीस आला तो भर दुपारी, घामानं निथळत. डब्याखाली टेकला. घाम सुकला, चेहरा निवला, आणि थोड्या वेळानं त्यानं कॉलर वर केली.

"कितीवर ठेवलंय हो?"

"अठरा," सासरे बेधडक म्हणाले.

"सर्दीचा कोठा आहे माझा. चोवीसवर करा."

सासऱ्यांनी रिमोट रोखून कळ दाबली.

"हां! आता कसं बरं वाटलं." तपासनिसानं मान हलवली. "आवाज मात्र अजिबात नाही."

"येणारच नाही," सासरे म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच खरं वाक्य. भुसावालीनं पदर तोंडात कोंबला.

दाखला हातात पडला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "अगंबाई, काय गारवा!" भुसावाली भिंतीबद्दल सांगायला लागली, तर बाईंचे डोळे डब्यावर. "भिंतीबिंती राहू दे गं. तपासनीस म्हणाले, तुमचं मशीन आवाजच करत नाही. माझं घर आहे तेच राहू दे, फक्त हे मशीन कुठं मिळतं ते सांग."

भुसावालीचं डोकं सटकलं. तिनं स्टुलावर चढून डबा उतरवला आणि बाईंपुढे उपडा केला. आतून धूळ पडली आणि एक मेलेलं झुरळ.

बाईंनी वाकून डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आतलं मशीन दुरुस्तीला दिलंय का?"

आणि मागून सासरे म्हणाले, "सूनबाई, लाव बाई तो परत. उकडायला लागलं."

साहेबांनो, तो डबा तिनं तुमच्या कचेरीकडे धाडलाय. पश्चिमेच्या तुमच्या त्या काचेच्या भिंतीपाशी टांगा. भर दुपारी खाली बसा. रिमोट सोबत आहे, हवं तेवढं दाबा. आणि मग सांगा, घर गार कुणी ठेवलं होतं? तोंडी चालणार नाही. लेखी उत्तर द्या.