उताराचा कोपरा

निवृत्त झाल्यावर ताईने नळाच्या लाइनीचं आणखी एकच काम केलं, ते धाकट्या भावासाठी आणि तेही फुकट. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. ताईने पाणीखात्यात राहून उभ्या शहराला पाणी पुरवलं, आणि स्वतः राहिली भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे पाणी चढायचं ते मालकाच्या मर्जीने.

वाढतं शहर वडिलांच्या जमिनीला येऊन टेकलं, तेव्हा भावाने त्या जमिनीचे प्लॉट पाडायचं ठरवलं. "ताई, हक्क सोडल्याची सही दे. एकाच नावावर परवानगी लवकर निघते. वरचा, रस्त्याकडेचा प्लॉट तुझा. घर बांध आणि सुट त्या जिन्यातून."

ताईने उभ्या उभ्या सही केली. आईमागे ज्याला न्हाऊमाखू घातलं, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? घरमालकालाही तिने सांगून टाकलं की मी जागा सोडते आहे.

मोठ्या लाइनीपासून प्लॉटपर्यंत पाणी आणायचा आराखडा तिनेच काढला. अगदी खालच्या, खोलगट कोपऱ्यात तिने एक व्हॉल्व्ह दाखवला. लाइनीत गाळ बसतो, तो अधूनमधून कुठेतरी सोडावा लागतो, तो इथे सोडायचा.

"हा कोपरा कुणाला विकू नकोस," तिने भावाला बजावलं होतं. "भिंतींना कायम ओल राहील. लोकांचे शिव्याशाप घेशील."

"तुझा शब्द मोडेन का मी?" तो म्हणाला होता.

पाणी सोडायच्या दिवशी ताई नवी चप्पल घालून गेली. वरच्या प्लॉटवर एक दंतवैद्य आणि त्याची बायको चुन्याने स्वयंपाकघर आखत होते. चुकून आले असतील बिचारे, असं वाटून ती समजावायला पुढे झाली, तर त्या बाईंनी तिलाच पाहुणी समजून खुर्ची दिली.

"बाई, तुमचा प्लॉट खाली आहे," जुना फिटर म्हणाला. तो खात्यात तिच्या हाताखाली होता. तो तिच्याकडे न बघता पान्ह्यावरचं वंगण पुसत राहिला. "व्हॉल्व्हपाशी. तुमच्या भाऊसाहेबांनी कालच खुंट्या ठोकून घेतल्या."

ताई उतार उतरून गेली. खुंट्या ठोकलेल्या होत्या. मागोमाग भाऊ आला.

"हा कोपरा विकायचा नाही म्हटलं होतं ना मी?"

"विकला कुठे, ताई? तुला दिला." तो हसला. "वरच्यापेक्षा मोठा आहे. भर टाकून घेऊ की."

"आणि वरचा?"

"डॉक्टर एकरकमी देत होते, रस्त्याचा खर्च डोक्यावर होता. परका भांडला असता. तू घरची, तू समजून घेशील."

परक्याला फसवायचं तर निदान कागद रंगवावे लागतात. घरच्या माणसाला नुसतं 'ताई' म्हटलं तरी काम भागतं.

ताईला रडू आलं नाही. तिच्या अंगाची लाही झाली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, ती स्वतःच्या शहाणपणाची. त्याने तिचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असतं, तर तिने माफ केलं असतं. पण त्याने ते नीट ऐकलं होतं. इथे कुणी का राहू नये, हे त्याला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं.

फिटरने खाली येऊन व्हॉल्व्हला चावी लावली. "बाई, सोडू का? आधी गाळ काढायला हवा."

वर प्लॉट घेतलेले लोक आपापल्या नळापाशी बादल्या घेऊन उभे होते. गाळ इथे सोडला नाही, तर तो त्यांच्या बादल्यांत जाणार होता, आणि त्यांनी तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

"सोडा," ताई म्हणाली.

भाऊ बूट सांभाळत मागे सरला. "ताई, वर चल. चप्पल खराब होईल."

"तू जा. मी माझ्या जागेत उभी आहे."

तांबडं, घाण पाणी तिच्या घोट्यांभोवती पसरलं. जुन्या सवयीने तिने ते ओंजळीत घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. नितळ यायला लागलं तशी म्हणाली, "आता बंद करा."

वरचे नळ वाहू लागले. लोक भावाशी हात मिळवत होते. दंतवैद्याची बायको भरलेला पेला घेऊन उताराच्या टोकाशी आली.

"मावशी, वर या ना," ती म्हणाली. "बघा तरी, किती स्वच्छ पाणी आलंय."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.