श्रीपतचं शुभवर्तमान

श्रीपत अंगणात दिसला की बायका आधी चुलीवरचं उतरवत आणि मग विचारत, "कोण गेलं?" पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून मयताचा सांगावा न्यायचा तो श्रीपतनेच. मोबाईल आले, पण गेल्याचं फोनवर कळवलं तर सोयरे जन्मभर बोल लावतात. दारात माणूस उभा राहिला पाहिजे. त्या माणसाने मात्र उंबरा ओलांडायचा नाही, चहा घ्यायचा नाही. श्रीपतने अर्ध्या तालुक्याची अंगणं पाहिली होती, घर एकही नाही.

एकदा महाडला सांगावा घेऊन गेला आणि दार चुकलं. आत प्रार्थनासभा चालली होती. दीप्ती नावाच्या शिक्षिकेने त्याला आत बसवलं, चहा दिला, वर बिस्किटं. श्रीपतला वाटलं, हिला जगात नातेवाईकच नसावेत.

"शुभवर्तमान म्हणजे आनंदाची बातमी, काका, इंग्रजीत गॉस्पेल," दीप्ती म्हणाली. "देवाने माणसाला टाकलेलं नाही, ही बातमी. ती गाऊन सांगतात, त्या गाण्यालाही गॉस्पेलच म्हणतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवून उत्तर द्यायचं."

"ही बातमी पोचवायला ठरलेला माणूस हाय का तुमच्याकडं?"

"ठरलेला असा नाही कोणी."

"मग मी हाय की, बाय. काम तेच, नुसता माल बदलायचा."

त्याला फार काही नको होतं. आपल्याला बघून एकदा तरी कोणी हसावं, 'ये, बस' म्हणावं, एवढंच.

पहिल्या दारात त्याने तोंड उघडायच्या आत म्हातारीने हंबरडा फोडला. दुसऱ्या दारात भागोजीने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "देवानं टाकलं नाय म्हंजे नेलं. कोणाला?" तिसऱ्या दारात श्रीपतने थेट गाणंच लावलं. दोन गडी मुकाट्याने बांबू तोडायला गेले.

राहिली शिवथरला दिलेली बहीण. सख्खी बहीण तरी आत घेईलच.

काशीबाईने त्याला बघितलं आणि हातातलं सूप सोडलं. "कोण गेलं रे?"

"कोण नाय गो. चांगली बातमी हाय."

"लपवू नको. ह्यांचं काय झालं?"

"दाजी तुझ्या मागं बसलेत."

दाजींनी खात्रीसाठी स्वतःकडे एकदा बघून घेतलं.

"मग आत्या? मग आपला किशोर?"

माणूस जिवंत निघाला की तिचं रडणं वाढे, कारण आता उरलेल्यांतलंच कोणीतरी गेलेलं असणार होतं. शेवटी नावंच संपली.

"सगळी हायत," श्रीपत म्हणाला.

"मग गेलं कोण?"

श्रीपत दमला होता. "बरं, मी गेलो."

काशीबाईला ते एकदम पटलं. "माजा भाऊ गो!" ती श्रीपतच्याच गळ्यात पडली. "लय गुणाचा! कधी कोणाच्या घरात शिरला नाय!"

आळी जमली. श्रीपतने हताश होऊन सभेतल्या गाण्याची ओळ म्हटली: नका भिऊ, तो जवळ हाय. आणि अख्ख्या अंगणाने टाळ्या वाजवून, रडत, उत्तर दिलं. दीप्तीने सांगितलं होतं तसं गाणं पहिल्यांदाच नीट जमलं.

मग आळीतला दत्ताराम म्हणाला, "वरच्या वाड्यांना सांगावा धाडा कोणीतरी." सगळ्यांनी श्रीपतकडे बघितलं.

श्रीपतने डोळे पुसले. "मयत कधी उचलणार म्हणून सांगू?"

"खुळा काय तू?" दाजी म्हणाले. "तू आल्याबिगर कसं उचलायचं?"