पॅकीची अर्धी दाढी

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. यात कॉनलचं नाव येतं, आणि त्याच्या नावाची मी आधीच पुरेशी वाट लावलीय. पण काल तो म्हणाला, लिही, फक्त खरं लिही. म्हणून बसलोय.

मी युनन मॅकग्लिन, किलाड्रीनचा. डब्लिनला संसदेत विरोधी पक्षाच्या खासदार आहेत ग्रॉनिया हार्किन, आमच्याच भागातल्या. त्यांच्या ऑफिसात मी काम करतो. कॉलेज वगैरे केलेलं नाही. सभागृहाच्या नियमांचं पुस्तक बसमध्ये येता-जाता वाचून पाठ केलं, तेवढंच. नोकरीला लागून चार महिने झालेत.

कॉनल बॉनरही किलाड्रीनचाच. शाळेत एका बाकावर होतो. तो आरोग्यमंत्री लव्हेल यांच्या ऑफिसात, पत्रकारांचे फोन घेतो. डब्लिनमध्ये आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहतो. पक्ष वेगळे, फ्रीज एक. लोक हसायचे. आम्हीही हसायचो.

तर, किलाड्रीनची रात्रीची अ‍ॅम्ब्युलन्स बंद करायची असं सरकारनं ठरवलं. कारण काय, तर अहवालात आकडा होता, वर्षभरात रात्रीच्या फक्त एकोणीस फेऱ्या. ग्रॉनियांनी तो अहवाल तीन वेळा वाचला आणि एकतिसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्यांना सापडलं की जे पेशंट हॉस्पिटलात दाखल झाले, तेवढेच मोजलेत. घरीच उपचार झाले ते मोजलेले नाहीत. वाटेत दगावले तेही नाहीत. खऱ्या फेऱ्या चौसष्ट.

"हे छापील प्रश्नात घालायचं नाही," ग्रॉनिया म्हणाल्या. "छापील प्रश्न पाच दिवस आधी त्यांच्या हातात जातो. तो मवाळ ठेव. अ‍ॅम्ब्युलन्स सेवेबाबत मंत्री माहिती देतील काय, एवढाच. हे सगळं पुरवणी प्रश्नात. उभं राहून. त्यांच्याकडे कागद नसताना."

आणि आकड्याच्या आधी त्या आमच्या गावच्या पॅकी मुलनची गोष्ट सांगणार होत्या. पॅकी एकाहत्तर वर्षांचा. मार्चमध्ये एका रात्री दाढी करताना छातीत कळ येऊन पडला. आमची अ‍ॅम्ब्युलन्स त्या दिवशी बंद होती, दुसरीकडची यायला पन्नास मिनिटं लागली. वाचला. गालावरचा साबण वाळून पापुद्रे झाले होते, उरलेली अर्धी दाढी हॉस्पिटलात नर्सनं केली. ग्रॉनियांनी त्याची परवानगी घेतली तेव्हा मी शेजारी होतो. पॅकी म्हणाला, "दाढीचं खुशाल सांगा. पण आमची बायको मोया जमिनीवर बसून रडत होती, ते नको. तिला आवडायचं नाही."

"नाही सांगणार," ग्रॉनिया म्हणाल्या. मीही मान हलवली.

मंगळवारी दुपारी प्रश्न आला. एका प्रश्नाला साडेसहा मिनिटं. मी वरच्या गॅलरीत. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं, एकोणीस फेऱ्या, सुरक्षित सेवा, वगैरे. ग्रॉनिया पुरवणीसाठी उठल्या. "सभापती महोदय, मला मंत्र्यांना विचारायचंय," एवढं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात मंत्री बसल्या जागेवरून म्हणाले, "पान एकतीस, नाही का?"

त्यांच्या बाजूची बाकं हसली.

ग्रॉनियांनी विचारायचं ते विचारलं, पण आवाज हलला होता. मंत्री उठले आणि म्हणाले, सन्माननीय सदस्य ज्या गृहस्थांबद्दल बोलू पाहताहेत त्यांची मला कल्पना आहे. अर्ध्या चेहऱ्यावर साबण घेऊन ते पन्नास मिनिटं थांबले. त्यांच्या पत्नी जमिनीवर बसून रडत होत्या. अशाच माणसांसाठी आम्ही गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रथमोपचार शिकवणार आहोत. आकड्याचं काय म्हणाल, तर ती मोजण्याची पद्धत आहे.

वेळ संपली. सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला.

ग्रॉनियांची गोष्ट ग्रॉनियांच्याच तोंडावर कुणीतरी सांगून टाकली होती. अन् मोयाचं रडणं आता सभागृहाच्या नोंदीत कायमचं.

ऑफिसात आल्यावर त्यांनी दार लावलं. "हे तीन माणसांना माहीत होतं. मी, तू आणि पॅकी. कुणाला बोललास?"

"कुणाला नाही."

"कुठे राहतोस तू?"

त्यांना माहीत होतं मी कुठे राहतो. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तोवर कॉनलच आला होता. एकेक जुळायला लागलं. दाढीचं मी त्याला नाश्त्याला सांगितलं होतं, तो हसून हसून ठसकला होता. अहवालाची माझी प्रत आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती, आणि एकतिसाव्या पानावर चहाच्या कपाचं गोल होतं. मी मगमध्ये पितो. कप कॉनलचा. शिवाय गेले काही दिवस तो फोन आला की बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायचा. मंगळवारी सकाळी माझ्या आधी निघाला, आणि जाताना म्हणाला, "आज तुमच्या बाईंना शुभेच्छा, बरं का." तेव्हा गोड वाटलं होतं. आता ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवून त्यात मला दात दिसायला लागले.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. मोयाच्या रडण्याचं मी त्याला सांगितलं होतं का? आठवेना. सांगितलंच असणार, असं मी ठरवून टाकलं.

आणि ग्रॉनियांना म्हणालो, "कॉनल असेल."

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. "त्या मंत्र्याला कसं रे कळलं?" म्हणाली, आणि मी तिलाही सांगितलं. कुणाला बोलू नकोस म्हणालो. आई म्हणाली, मी कुणाला बोलतेय.

घरी कॉनल बटाटे सोलत होता.

"काय रे, तुमच्या बाईंचं आज जरा—"

"तुला काय माहीत?"

"अख्ख्या देशानं बघितलं, युनन."

"कप तुझा होता का?"

"कुठला कप?"

"सोड."

त्यानं सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा उचलली. बटाटे दोघांपुरते होते. मी भूक नाही म्हणून खोलीत गेलो, अहवाल उशीखाली घेऊन झोपलो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं लिही म्हणालाय.

बुधवारी ग्रॉनियांनी मला एक पान टाइप करायला दिलं. गुरुवारी कामकाजाच्या सुरुवातीला छापील प्रश्नाशिवाय बोलता येतं. तेव्हा त्या उभं राहून सांगणार होत्या, की विरोधी खासदाराचे कागद एका खासगी घरातून, मंत्र्यांच्या ऑफिसातल्या माणसानं चोरून वाचले. नाव घेणार नव्हत्या.

"पण कळेल ना सगळ्यांना," मी म्हणालो. "तिथं किलाड्रीनचा एकच आहे."

"कळू दे. तुझी खात्री आहे ना?"

एकदा नोंदीत गेलं की कुणाला पुसता येत नाही. कॉनलची नोकरी त्याच दुपारी गेली असती, आणि पुढे जन्मभर कुणी त्याला कागदाजवळ उभं केलं नसतं. हे मला टाइप करताना कळत होतं. तरी मी म्हणालो, "आहे खात्री."

गुरुवारी सकाळी पावणेबाराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला.

"युनन पोरा, नूला बोलतेय, आरोग्य खात्यातून. आईचा खुबा कसा आहे?"

नूलाबद्दल आधी सांगायला हवं होतं. छापील प्रश्न गेला की संबंधित खात्यातून कुणीतरी खासदाराच्या ऑफिसला फोन करतं, नेमकी कोणती माहिती हवीय ते विचारायला. नेहमीची पद्धत आहे, सगळीच खाती करतात. आमच्या प्रश्नाच्या वेळी नूलानं केला होता. माझं आडनाव ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, "कुठले रे तुम्ही मॅकग्लिन? दुकानवाले की होडीवाले?"

"होडीवाले."

"म्हणजे शीलाचा तू. अरे, तुझ्या आईबरोबर मी नाचाच्या क्लासला होते."

मग पंधरा मिनिटं झाली. डब्लिनमध्ये चार महिन्यांत कुणी मला कुणाचा म्हणून विचारलं नव्हतं. आईचा खुबा, बाबांची होडी, कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं. आणि यातच कधीतरी पॅकी मुलन. ती म्हणाली, "बिचारा पॅकी, त्याचं काय झालं रे नक्की?" आपल्याच गावचा माणूस, मी सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटत होतं. तो फोन मी कुणाला सांगितलाही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

गुरुवारी ती म्हणत होती, "पुढच्या आठवड्याला दुसरा प्रश्न टाकलाय ना तुमच्या बाईंनी. यात काय विचारणारेत? आणि हो, ती साबणाची गोष्ट मी टिपणात घातली होती हं. मंत्र्यांना फार आवडली. शीलाच्या पोरानं दिली म्हटलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस का रे?"

"नूला, ते तुम्ही मंत्र्यांना दिलंत?"

"मग मी फोन कशाला करते?" ती म्हणाली. अगदी सरळ. लपवण्यासारखं तिच्याही बाजूनं काही नव्हतं.

"मोयाचंही? पान एकतीसचंही?"

"तूच तर म्हणालास, पान एकतीस बघा, तळाशी बघा. मी बघितलं. बरं, आईला सांग नूला विचारत होती."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजता कामकाज. मी लिफ्टची वाट न बघता जिने उतरलो, ग्रॉनिया खाली सभागृहाकडे जाणाऱ्या मार्गिकेत भेटल्या, हातात ते पान. मी धापा टाकत सांगितलं, मध्ये काही न गाळता.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू कुणाचा, ते विचारलं तिनं?"

"हो."

"आणि तू सांगितलंस."

"हो."

"मलाही विचारलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी. दुसरी बाई होती, दुसरं खातं." त्यांनी पानाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि माझ्या खिशात कोंबली. "मी पण सांगितलं होतं. आपण त्याच्यावर संशय घेतला, हे कॉनलला कळलंय?"

"नाही."

"कळेल. किलाड्रीन म्हणजे किलाड्रीन. मोयाकडे मी स्वतः जाईन. कॉनलचं तू बघ."

आत जाऊन त्या उभ्या राहिल्या. ना पॅकी, ना साबण. "चौसष्टपैकी पंचेचाळीस फेऱ्या का मोजल्या नाहीत? त्या पंचेचाळीसमध्ये वाटेत किती गेले?" मंत्र्यांनी कागद उलटला. दुसरा उलटला. मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे बघितलं. लेखी उत्तर देतो म्हणाले. शुक्रवारी खात्यानं जाहीर केलं, आकडे पुन्हा तपासणार, तोवर गाडी आहे तिथे. म्हणजे वसंतापर्यंत तरी. जिंकलो म्हणता येणार नाही.

शुक्रवारी दुपारी कॉनल लवकर घरी आला. कोट न काढता टेबलाशी बसला. मी सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आधी मी सांगतो. काल आई पोस्टात रांगेत उभी होती. डिम्फना खिडकीतून म्हणाली, तुमचा कॉनल आता मंत्र्यांच्या मांडीवर बसतो म्हणे. मागचे सगळे गप्प. आई स्टँप न घेता घरी गेली. कुणी सांगितलं रे गावात?"

"मी. आईला. आणि ग्रॉनियांनाही मीच सांगितलं होतं. आणि ते तू नव्हतास. मीच होतो."

सगळं सांगितलं. नूला, नाचाचा क्लास, खुबा. खिशातलं ते पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते वाचलं, शेवटपर्यंत, मग पुन्हा वरून.

"हे तू टाइप केलंस?"

"हो."

"चुका बऱ्याच आहेत." त्यानं पान उलटं ठेवलं. "आणि कपाचं काय होतं?"

"एकतिसाव्या पानावर तुझ्या कपाचं गोल होतं."

"टेबलाला चहा लागू नये म्हणून ठेवला होता, गाढवा. मी तुमचे अहवाल वाचायला लागलो तर मला पगारवाढ द्यावी लागेल."

"आणि बाल्कनीतले फोन?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आईचे. तिला गाडी बंद होण्याची भीती वाटते. रोज विचारते, तुझ्या मंत्र्याला सांग ना काहीतरी. तुझ्यासमोर काय बोलणार?"

किटली उकळून बंद झाली, कुणी उठलं नाही.

"माफ कर म्हणू नकोस," कॉनल म्हणाला. "इथं या स्वयंपाकघरात माफी मागून काय होणार? गावाला कसं कळणार?"

मी म्हणालो, "उद्या सकाळच्या बसनं जातो. रविवारी चर्चमधली प्रार्थना सुटली की सगळे फाटकाशी उभे राहतात. पुरुष भिंतीला, बायका पायरीपाशी. तुझ्या आईच्या शेजारी उभा राहतो आणि सांगतो की कॉनल नव्हता, मी होतो. डिम्फना असेल तिथे. माझी आईही असेल."

"रंगवून सांगशील."

"नाही."

"नूलाचं नाव घेशील, मग गावातली तिची बहीण मध्ये पडेल, मग सगळे तेच बोलतील."

"नाही घेणार. दोन वाक्यं. कॉनल नव्हता, मी होतो. तिसरं बोलणार नाही, कुणी मी कुणाचा म्हणून विचारलं तरीसुद्धा."

"शब्द दे."

"दिला."