जांभळाच्या वाईनचा परवाना

अठ्ठेचाळीस सालच्या डिसेंबरात कोल्हापुरात शेतकी प्रदर्शन भरलं होतं. त्यात एक मांडव खास फळांच्या वाईनसाठी होता. आसपासच्या चौघांनी द्राक्षाची, करवंदाची, काजूच्या बोंडांची वाईन करून मांडली होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चव कशी घेतात ते शिकावं म्हणून मी राजारामपुरीतून सायकल मारत गेलो. फुकट मिळते हेही कारण होतंच.

चौथं टेबल यज्ञेश्वर साठ्यांचं. हा माझा शाळासोबती. कॉलेजातली रसायनशास्त्राची नोकरी सोडून चार वर्षं जांभळांच्या मागे लागला होता. घर चालत होतं ते त्याच्या बायकोवर. कालिंदी मुलींच्या शाळेत शिकवायची. त्या दुपारी समिती येणार होती. वाईन पसंत पडली तर विकायचा परवाना, नाहीतर गाशा गुंडाळून पुन्हा नोकरी शोधायची, असं दोघांचं ठरलं होतं. कालिंदी टेबलामागे पेले पुसत उभी होती.

समितीचे प्रमुख गणपतराव, मोठे बागायतदार. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारा माणूस नव्हे. त्यांनी पेला उचलला, ओठांपासून वीतभर वर धरला आणि वरून धार सोडून घटाघटा गिळली. चारजणांच्या हातचं भांडं, त्याला ओठ कसा लावणार? आमच्याकडे सगळे असंच पितात.

"आंबट हाय," ते म्हणाले.

"अशी नाही कळायची, गणपतराव," यज्ञेश्वर घाईने म्हणाला. "आधी वास घ्यायचा. मग तोंडात घोळवायची. बघा."

त्याने घोट घेतला, गालांत इकडून तिकडे खेळवला आणि शेजारच्या पितळी भांड्यात थुंकून टाकला. चव घेणारे गिळत नाहीत, असं त्याने कुठल्याशा विलायती पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक बरोबरच असेल. पण इथे जन्म काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?

गणपतरावांनी भांड्याकडे बघितलं, मग यज्ञेश्वरकडे.

"तुमीच थुकून टाकतायसा की. आन् आमाला गिळाय लावतायसा व्हय?"

"इख असंल, पावणं," मागून कुणीतरी म्हणालं आणि मांडव हसला. यज्ञेश्वर पुस्तकातलं समजावू लागला. जितकं समजावी तितका तो लबाड दिसत होता. लोक करवंदाच्या टेबलाकडे सरकले. गणपतरावांनी शेरा लिहायला कागद काढला.

कालिंदीने हातातलं फडकं खाली ठेवलं. भरलेला पेला उचलला, ओठाला लावला आणि सगळ्यांदेखत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. पदराने तोंड टिपलं.

"विष नाही," ती म्हणाली. "आणखी एक पिऊन दाखवू?"

मला तिचा अभिमान वाटला. टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली मात्र नाही.

गणपतरावांनी कागद बाजूला ठेवला. मग त्यांनी दुसरा पेला मागितला, नाकाशी धरला आणि या खेपेला ते ओठ लावून प्यायले.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर साठे, ज्याच्या घरची बाई चारचौघांत दारू पिती, त्येला परवाना दिल्याव आमी गावाला काय सांगायचं? पोरींस्नी शिकवत्यात न्हवं ह्या?"

त्यांनाही बोलताना बरं वाटत नव्हतं, हे मी पाहिलं. तरी कागदावर 'नामंजूर' लिहून त्याची घडी त्यांनी खिशात घातलीच. समिती पुढच्या मांडवात गेली.

यज्ञेश्वर बायकोकडे वळला. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? माझी चार वर्षं मातीत घातलीस."

मला इतका संताप आला की त्याच्या कानाखाली वाजवावी. शाळेपासूनच्या ओळखीचा हक्क होता मला. पण मी नुसता बुटांकडे बघत उभा राहिलो.

कालिंदीने पितळी भांडं उचललं, मांडवाबाहेर नेऊन ओतलं, विसळलं आणि आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"तुम्ही गिळली असतीत," ती म्हणाली, "तर मला प्यावी लागली नसती."