गोदेच्या मयताचं पिठलं

“आई, मी आन् गोदा, दोघी एकदम विहिरीत पडलो तं तू आधी कुणाला काढशील?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही. मी तो विचारणार नाही, आणि विचारलाच तर टीव्ही चालू असताना विचारणार नाही, अशी नाहिद आणि शीतल या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती. म्हणून मी मुद्दाम टीव्ही चालू असतानाच विचारला. त्या दोघी आमच्या दारात चपला काढायचं नाटक करत उभ्या होत्या.

आईने मान वळवली नाही. पडद्यावर गोदा घोडा दामटून राह्यली होती.

“गोदेला,” आई म्हणाली. “तुला तं पोहता येतंय.”

नाहिद हसून हसून उंबऱ्यावरच बसली. पैज मी जिंकले होते, पण ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

गोदा म्हणजे ‘एक होती गोदा’ या मालिकेतली गोदा. इंग्रजांच्या छावणीतलं दारूगोळ्याचं कोठार उडवते, पकडली जाते आणि शेवटी फासावर चढते. चढणार हे पहिल्या भागापासून सगळ्यांना माहीत होतं. तरी आमची अख्खी गल्ली तिच्यात बुडालेली, आणि सगळ्यांत खोल आमची आई.

गोदेने तुरुंगात अन्न सोडलं तर आईने चहा सोडला. माझ्या सहामाहीच्या पेपरांत तिने साधं पान खायचं सोडलं नव्हतं. मी वाकून बसले की म्हणायची, “गोदा बघ, बेड्या हायेत तरी कशी ताठ बसती.” बेड्यांतल्या बाईबरोबर माझी तुलना, आणि त्यातही मीच हरायचे. मला तिचा इतका राग यायचा की एकदा सेटटॉप बॉक्सची वायर ढिली करून ठेवली. आईने वरून दोन थापटा मारल्या आणि गोदा परत आली. तिला इंग्रजांना सापडायला सहा महिने लागले, आमच्या टीव्हीवर यायला दोन थापटा पुरल्या.

मी पण काही साधीसुधी नव्हते आता. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचे तेही बाईंना ऐकू जायचं नाही. मग शाळेच्या कबड्डीच्या संघात राखीव म्हणून घेतलं, एक जण आजारी पडली, मी चढाईला गेले आणि दोघींना बाद करून परत आले. तेव्हापासून माझा आवाज निघाला तो निघालाच. आता अंबडच्या बसस्टँडवरून ओरडले तर पप्पांना डेपोत ऐकू जातं. पप्पा कंडक्टर आहेत, ते म्हणतात, “संध्या, तू आमच्यात ये, माईकचा खर्चा वाचल.”

पण आईने माझा खेळ पाहिलाच नव्हता. एकदाच आल्ती, सुरुवातीला, शाळेच्या मैदानावर. माझी पहिली चढाई झाली आणि ऊन लागतंय म्हणून निघून गेली. गोदा उन्हात खांबाला बांधलेली असताना मात्र आई सबंध आठवडाभर जागची हलली नव्हती.

आणि नशीब बघा. तालुक्याचा अंतिम सामना आणि गोदेची फाशी एकाच शनिवारी. सामना दुपारी, फाशी संध्याकाळी, दोन तासांच्या महाभागात.

“दोन्ही जमतंय की,” त्या शनिवारी सकाळी मी आईला म्हणाले. “आधी मला बघ, मंग तिला.”

“येते,” आई म्हणाली, पण तिचं लक्ष ओट्याकडे होतं. “आज गॅस पेटवायचा न्हाई म्हणून राह्यले. सकाळचं खाऊन घ्या. सांजच्याला घरात मयत हाय.”

पप्पांनी पेपर खाली घेतला. “दैवशाला, अगं ती नटी हाय. उद्या दुसऱ्या कुठल्या चॅनलवर नाचंल.”

“नटी नाचंल. गोदा न्हाई,” आई म्हणाली. पप्पांनी पेपर परत वर घेतला.

सामना शहागडच्या मुलींशी होता. शीतल आमच्याच संघात, मैदानाच्या कडेला तिची आई होती, आजी होती, तिची वाटूरची मावशीसुद्धा आल्ती. माझ्याकडून एकटी नाहिद, मोबाइलवर शूटिंग करत. मी प्रत्येक चढाईच्या आधी कुंपणाकडे बघत होते. शेवटच्या चढाईला पाच जणी माझ्यावर पडल्या, गुडघा सोलला, पण बोटं मधल्या रेषेवर टेकली. आम्ही जिंकलो. सगळ्यांनी मला उचललं तेव्हा वरून कुंपण आणखी नीट दिसलं. आई नव्हती.

घरी आले तर आमच्या खोलीत बायकाच बायका. नाहिदची अम्मी, म्हणजे आमच्या शेजारची शहाजादी चाची, डोळ्यांना पदर लावून सगळ्यांत पुढे. मी ट्रॉफी टीव्हीच्या शेजारी ठेवली. आईने ती उचलली आणि खाली ठेवली, कारण गोदेचा एक पाय झाकला जात होता.

दोर गळ्यात पडणार एवढ्यात जाहिरात लागली. त्यात तीच नटी केस उडवत तेल विकत होती. पुढच्या जाहिरातीत सांगितलं की सोमवारपासून याच वेळेला नवी मालिका, कुणी तरी महाराणी. एकही बाई हसली नाही. मी हसले, तर आईने असं बघितलं की मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून गोदेचा शेवटचा जयजयकार ऐकू आला आणि मग बायकांचं रडणं. माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि आत दुसरीसाठी पाणी वाहत होतं.

मालिका संपली. बायका आपापल्या घरी गेल्या. आम्ही बसलो. पप्पा ड्यूटीवरून आले, तेही बसले.

“जेवायचं काय?” शेवटी पप्पांनी विचारलं.

“येईल की आता चाचीकडून,” आई म्हणाली.

आमचं ठरलेलंच आहे. आमच्याकडे मयत झालं की चूल पेटत नाही, चाचीकडून डबा येतो. त्यांच्याकडे झालं की आमच्याकडून जातो. आजोबा गेले तेव्हा आम्ही चाचीची खिचडी खाल्ली होती. तेवढ्यात नाहिद दारात आली, रिकाम्या हाताने.

“मावशी, अम्मी विचारून राह्यली, डब्याला उशीर हाय का?”

तिच्यामागून चाचीच आल्या. “हमारा भी चूल्हा नै जला, दैवशाला. मैं तेरी राह देख री.”

आई चाचीकडे बघत राहिली. दोन्ही घरांत एकच मयत झालेलं, आणि दोघी एकमेकींच्या डब्याची वाट बघून राह्यलेल्या. नियमाप्रमाणे दोघींनाही गॅसला हात लावता येत नव्हता.

“मला काही सुतक न्हाई,” मी म्हणाले. “माझी ती कोणीच लागत न्हाई.”

आणि मी पिठलं केलं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, ते कांद्याचंच होतं असं मी नाहिदला सांगितलं. भाकरी तिने थापल्या, जरा वाकड्या झाल्या. दोन्ही घरं आमच्याच खोलीत पंगत धरून बसली. चाची म्हणाल्या, “मिर्ची बराबर डाली बेटा,” आणि नाक पुसलं. ते गोदेमुळे की मिरचीमुळे, कळलं नाही. जिच्यावर मी सहा महिने जळले, तिच्या मयताचा स्वयंपाक शेवटी माझ्याच हातून झाला.

सगळे गेल्यावर आई हळद घेऊन माझ्या गुडघ्यापाशी बसली.

“चाचीच्या कट्ट्यापर्यंत आल्ते मी,” ती खाली बघूनच म्हणाली. “साडी बदलून, चप्पल घालून. मंग परत फिरले.”

“ऊन लागलं?”

“त्या दिवशी पण ऊन न्हाई लागलं. तुझ्यावर पोरी पडल्या आन् तू दिसेनाच. माझ्याच्यानं उभं राहवंना.”

“अन् गोदेला फाशी देतात ते बरं बघवतं.”

“ते खोटं असतं ना,” आई म्हणाली. “तुला पाडतात ते खरं असतं. पोहायला शिकवताना विहिरीत मीच तुला पाठीला डबा बांधून ढकललं होतं, पण तवा दोर माझ्या हातात होता. तिथं मैदानात काय हाय माझ्या हातात?”

हळद झोंबत होती. गोदेचा राग गेला असं म्हणणार नाही, थोडा अजून आहे. पण सोमवारची ती महाराणी आठवली, आणि वाटलं, ती घरात घुसायच्या आत काही तरी केलं पाहिजे.

मी उठले, ट्रॉफी परत टीव्हीशेजारी ठेवली, तिथेच जिथे गोदेचा पाय असायचा.

“पप्पा, तुम्ही पण ऐका,” मी म्हणाले. आवाज मैदानावरचा निघाला, चाचीच्या घरात नक्कीच ऐकू गेला असेल. “जिल्ह्याचे सामने जालन्याला हायेत. मी खेळणार आन् तुम्ही दोघं कुंपणाला उभे राहणार. सोमवारपासून गोदेच्या वेळेला टीव्हीवर नाहिदनं काढलेली मॅच लागल, पेनड्राइव्हवरून. रोज. मी पडते तेवढं सगळं बघायचं, डोळे झाकायचे न्हाईत, सवय होईपर्यंत. महाराणीला बसू द्या बाहेर. आन् आई, उद्यापासून तू चहा प्यायचा.”