गुरुवारची खुशाली

“लाइन बंद आहे म्हणून सांग त्यांना. याच्यापुढे एक अक्षर नको,” एसेनगुल म्हणाला. एसेनगुल म्हणजे गावाचा प्रमुख. एरवी पोस्टात शिरला की टेबलाला टेकून तासभर गप्पा छाटायचा. आज तो उभाच होता आणि हातातली टोपी उगाच फिरवत होता.

“किती वेळ थोपवून धरू?” टेलिफोन ऑपरेटर उमसुनायने विचारलं.

“मोल्दोश आजोबांना नदीपलीकडून आणायचंय. कालमात आबांचा थोरला मुलगा वरच्या कुरणात आहे, त्याच्याकडे माणूस पिटाळलाय. चारपर्यंत तरी धर.”

“आबा दोनला येतात.”

“म्हणून तर धावत आलो ना, बाई!”

उमसुनायने मान हलवली. काय झालंय ते तिला सांगायची गरजच नव्हती. सकाळी साडेनऊला फ्रुंझे शहरातून आलेला फोन तिनेच एसेनगुलला जोडून दिला होता. ऑपरेटरने ऐकायचं नसतं हा नियम आहे, पण आमच्या डोंगरातली लाइन अशी, की कुणीतरी मध्ये बसून सांभाळली नाही तर तुटते. कालमात आबांची मुलगी बुरुल सकाळी कामावर जाताना बसच्या थांब्यावर कोसळली ती उठलीच नाही. वय चौतीस. फोनवर जावई रडत नव्हता, फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता.

आमच्याकडे मरणाची बातमी एकट्याने सांगायची नसते आणि एकट्या माणसाने ऐकायचीही नसते. चार वडीलधारे जातात, ज्याला सांगायचं त्याला मध्ये बसवतात, दोघं दोन्ही बाजूंनी त्याची कोपरं धरतात. मग सगळ्यांत वयस्कर माणूस पाऊसपाणी, चारा, जुन्या ओळखी असं लांबून लांबून बोलत हळूहळू तिथपर्यंत येतो. बातमी फोनवर तर नाहीच नाही. पाच वर्षांपूर्वी एका माणसाने याच पोस्टातल्या फोनच्या लाकडी खोपटात, उभ्या उभ्या, भाऊ गेल्याचं ऐकलं होतं. त्यानंतर तो पोस्टाच्या रस्त्याने कधी आला नाही, पत्रंसुद्धा बायकोच नेते. म्हणून आज आबांना हे खोपटात, एकट्याने कळता कामा नये, एवढंच उमसुनायला पाहायचं होतं.

उमसुनाय या टेलिफोन बोर्डापुढे बसायला लागली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. लहानशी खोली, कोळशाची शेगडी, भिंतीला टेकलेला बोर्ड, आणि काचेच्या दाराचं ते खोपटं, ज्यात उभं राहून लोक बोलायचे. दुपारी खिंडीतून वारा सुटला की तारा गुणगुणायच्या. तिला मग हलकी डुलकी लागायची आणि त्या गुणगुणण्यात आवाज मिसळायचे. कुणाची सून औषधाचं नाव सांगतेय, कुणी लोकर कधी नेणार विचारतंय, कुठलीतरी बाई नुसतीच हसतेय. तिच्या स्वप्नात माणसांना चेहरे नसत. नुसते आवाज येत, तिच्याजवळ बसत आणि निघून जात. घरी गेल्यावर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. “दिवसभर अख्ख्या जिल्ह्याशी बोलते, घरी आली की आमची लाइन कट!” असं तिचा नवरा असानाली भेटेल त्याला ऐकवायचा. तीही हसायची. बोलायचं काय आणखी, सगळं तर दिवसभरात ऐकून झालेलं असे.

गेल्या वर्षी जिल्ह्याहून एक परिपत्रक आलं होतं. फोनवर कसं बोलावं याची मूलतत्त्वं त्यात क्रमाने दिलेली. आधी कोण बोलतंय ते सांगावं, मग काम सांगावं, थोडक्यात व स्पष्ट बोलावं, नमस्कार-चमत्कार टाळावेत, तीन मिनिटांत आटोपावं. ऑपरेटरने लोकांना शिकवावं, असाही हुकूम होता. उमसुनायने इमानेइतबारे प्रयत्न केला. पहिल्याच दिवशी एका म्हातारीला म्हणाली, “आजी, आधी काम सांगा, खुशाली नंतर विचारा.” म्हातारीने रिसीव्हर बाजूला धरला आणि पोस्ट दणाणून सोडलं. “खुशाली न विचारता काम सांगू? मी काय दरोडा घालायला आलेय का?” परिपत्रक त्या दिवसापासून शेगडीमागच्या खिळ्याला लटकत होतं.

कारण आमच्याकडे बोलणं म्हणजेच खुशाली. मेंढरं खुशाल? घोडे खुशाल? माणसं खुशाल? थोरला, धाकटा, सून, नातवंडं, शेजारी? एकाने विचारायचं, दुसऱ्याने “खुशाल” म्हणायचं, मग दुसऱ्याने विचारायचं. उत्तर ठरलेलंच. तीन मिनिटं त्यातच जायची आणि काम राहून जायचं. नवख्या माणसाला वाटेल, काय हा वेडेपणा! पण एकोणीस वर्षं ऐकून ऐकून उमसुनायला पक्कं ठाऊक होतं, की काम तिथेच होऊन गेलेलं असतं. माणूस खुशाल कसं म्हणतो, त्यात सगळं येतं.

कालमात आबांचं तर वेगळंच होतं. त्यांचा एक कान कामातून गेलेला, दुसरा अर्धा. वरून लाइनची खरखर. त्यांना बुरुलचं काही ऐकू येत नसे. मग मध्ये उमसुनाय बोलायची. बुरुल शहरातल्या पोस्टातून बोले, उमसुनाय ते ऐके, आणि आबांना सावकाश, मोठ्याने सांगे. अकरा वर्षं, दर गुरुवारी दुपारी दोन वाजता. बुरुलला तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज मात्र तिला बहिणीच्या आवाजाइतका ओळखीचा होता. आधी कोवळा, मग लग्नानंतर थोडा घाईचा, अलीकडे दमलेला. आणि आबांपुरता बुरुलचा आवाज म्हणजे उमसुनायचाच आवाज होता.

सहा वर्षांपूर्वी बुरुलचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्या गुरुवारीही आबांनी विचारलं, तिनेही “खुशाल” म्हटलं. फक्त म्हणण्याआधी ती श्वासभर थांबली. उमसुनायने ते “खुशाल” आबांना पोचवलं, थांबण्यासकट. तिला वाटलं, ते थांबणं आपलं नाही, तिचं आहे, ते गाळायचा आपल्याला काय हक्क? आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे घोड्यावरून डोंगर उतरले आणि शहराची बस धरून गेले.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना आबा आले. आपला जाड कोट झटकत त्यांनी खिशातून कुरुतची पुरचुंडी काढली आणि दर वेळेसारखी तिच्या टेबलावर ठेवली. दह्याच्या त्या वाळवलेल्या खारट गोळ्या चघळत ती दुपार काढायची.

“काय पोरी, मेंढरं-माणसं खुशाल?”

“खुशाल, आबा. तुमचं?”

“खुशाल. गुडघा तेवढा भांडतोय. त्याला म्हटलं, तू इथेच थांब, मी जाऊन येतो.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. “लाव लाइन.”

एसेनगुलने पढवलेलं वाक्य उमसुनायच्या ओठांवर तयार होतं. सकाळपासून तिने ते घोकलं होतं. पण अकरा वर्षं दर गुरुवारी जे म्हटलं, तेच जिभेवरून सुटून गेलं. “आज खरखर आहे, आबा.”

म्हणाली आणि चूक तिच्या लक्षात आली. बंद म्हणायचं होतं.

“खरखर काय मला नवीन आहे?” आबा खोपटाकडे निघालेसुद्धा. “मला कधी ऐकू येत होतं? तुला येतंय ना, बास झालं.”

“आबा, आज राहू द्या ना. चहा घ्या आधी. शेगडीवर ठेवलाय.”

“चहा नंतर. ती बिचारी तिकडे उभी असेल.”

काचेचं दार लागलं. आबांनी रिसीव्हर उचलला आणि बरा कान त्याला लावला. बोर्डावर खोपटाचा दिवा पेटला. उमसुनायने एक दोर खोपटाच्या भोकात खोचला. दुसरा शहराच्या लाइनवर खोचायचा असतो. तो तिने हातात नुसता धरून ठेवला.

“लागली?” तिच्या कानात आबांचा आवाज आला.

“लागली, आबा.”

आयुष्यात तिने बोर्डावर बसून खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांची खोटी बोलणी पोचवली होती, पुष्कळ. ती त्यांची होती.

“विचार तिला, घरदार खुशाल?”

उमसुनायने मनात ठरवलं, कुठेही थांबायचं नाही. ताबडतोब म्हणायचं. “खुशाल.”

“शेजारी खुशाल? ती वरच्या मजल्यावरची म्हातारी?”

“खुशाल.”

“कामावर त्रास नाही ना?”

“नाही. खुशाल.”

जमतंय, तिला वाटलं. आबा आपल्या नेहमीच्या वाटेने सावकाश चालले होते आणि ती त्यांच्या पुढे पुढे. चार वाजेपर्यंत असंच नेता येईल का? ती घड्याळाकडे पाहत होती. बाहेर वारा सुटला होता आणि तारांनी धरलेला सूर खोलीत भरत चालला होता.

“आणि बुरुल स्वतः?” आबांनी विचारलं. “ती खुशाल?”

उमसुनायने तोंड उघडलं. शब्द बाहेर आला नाही. तिला तो म्हणायचा होता, अगदी म्हणायचाच होता, पण त्याच क्षणी तिला बुरुलचा आवाज आठवला, गेल्या गुरुवारचा, हसून “बाबांना सांगा, माझी काळजी सोडा आता” म्हणणारा. हा शब्द अकरा वर्षं बुरुल द्यायची. आज तो देणारं कुणी नव्हतं. तो स्वतःच्या पदरचा कसा घालायचा, हे उमसुनायला कळेना. एक श्वास गेला. दुसरा गेला.

“खुशाल,” ती म्हणाली.

तिची मान वळवायची हिंमत झाली नाही. वाटलं, आपण घात केला. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच झालं. म्हातारा खोपटात, एकटा, उभ्या उभ्या.

“बरं,” आबा म्हणाले. “जावई?”

“खुशाल.”

“त्यांची पोरगी?”

“खुशाल, आबा.” हे तरी खरं होतं. तिचे डोळे वाहायला लागले.

“पोरी.”

“काय, आबा?”

“नदीला आज पाणी आहे. मोल्दोशला उतरून यायला वेळ लागेल, नाही? गुडघे माझ्यापेक्षा गेलेत त्याचे.”

मोल्दोश आजोबांचं नाव उमसुनायने काढलं नव्हतं. पण गावात कुणाकडे अशी बातमी घेऊन जायचं झालं, तर बोलायला कोण पुढे असतं, हे आबांना कोण सांगणार? ते स्वतः किती जणांच्या शेजारी कोपर धरून बसले होते.

“रडू नकोस. तू काही सांगितलं नाहीस,” आबा म्हणाले. “मी काही ऐकलं नाही. कळलं?”

“हो, आबा.”

“लाइन चालू आहे ना अजून?”

हातातल्या मोकळ्या दोराकडे तिने पाहिलं. “चालू आहे.”

“मग मी जरा बोलतो तिच्याशी. आज तू मध्ये नको.”

एकोणीस वर्षांत कामाच्या वेळेत उमसुनायने जे कधी केलं नव्हतं, ते केलं. हेडफोन काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. खोली एकदम मोठी वाटायला लागली. शेगडीत कोळसा तडतडत होता, बाहेर कुणीतरी गाईला हाकत होतं. काचेपलीकडे आबांचे ओठ हलत होते. मध्येच ते थांबत, बरा कान रिसीव्हरला दाबून धरत, मान डोलावत, पुन्हा बोलू लागत. एकदा तर ते हसलेसुद्धा. काय बोलत असतील, हे ऐकायची तिला इतकी ओढ लागली की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. बोर्डावर जिल्ह्याचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. तिने पाहिलं आणि लागू दिला.

साडेतीनच्या सुमारास बाहेर घोडे थांबले. एसेनगुल आधी आत आला. त्याने खोपटाकडे पाहिलं, मग घाबरून उमसुनायकडे.

“काय गं हे? तू त्यांना बोलू दिलंस?”

“त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही,” उमसुनाय म्हणाली.

मागून मोल्दोश आजोबा काठी टेकत आले, विजार गुडघ्यापर्यंत ओली. त्यांच्या मागे आबांचा थोरला, खाली मान घालून, आणि आणखी एक म्हातारा. दारात सगळे घुटमळले.

खोपटाचं दार उघडलं. आबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला होता. त्यांनी टोपी सारखी केली, डोळे कोरडे होते. थोरल्याकडे पाहून ते म्हणाले, “तू खाली आलास? मेंढरं कुणाजवळ ठेवलीस?” मोल्दोश आजोबांनी दोन्ही हातांत आबांचा हात घेतला.

“कालमात, आम्ही आपले इकडून चाललो होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, बसू जरा तुझ्याजवळ.”

“बरं केलंत,” आबा म्हणाले.

खिडकीखाली लांब बाक होता. आबा तिकडे गेले आणि त्याच्या बरोबर मधोमध बसले. दोन्ही बाजूंना त्यांनी एकेका माणसापुरती जागा सोडली.

“बस रे, मोल्दोश. पाण्यातून आलास, दमला असशील,” ते म्हणाले. “सावकाश बोल. मला काही घाई नाही.”

आणि त्यांनी आपली दोन्ही कोपरं अंगापासून जराशी लांब धरली.