कानात सांगितलेलं वादळ

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. वेधशाळेने वादळाचा इशारा दिला होता, पण लोकांचे डोळे लागले होते वादळबाबांकडे. बाबा एकेका बोटवाल्याला जवळ ओढत, डोळे मिटून वारा हुंगत आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत. मग खणखणीत आवाजात बजावत, "गुपित फोडशील तर दर्या गिळेल तुला!"

शाळेतल्या बाई वाट काढत धाकट्या भावाच्या बोटीपाशी पोचल्या. तो दोर सोडत होता.

"अरे, इशारा ऐकला नाहीस?"

"ताई, गेल्या खेपेला वेधशाळा तोंडावर आपटली. बाबांचा शब्द कधी खोटा ठरलाय? कुणालाही विचार."

"तुला काय सांगितलं त्यांनी?"

"ते बोलायचं नसतं," तो नजर चुकवत म्हणाला.

शेजारच्या बोटीवरचा माणूस मात्र दोर आवळून बांधत होता. तोही आत्ताच बाबांकडून आला होता!

बाई मासळीच्या एका रिकाम्या खोक्यावर चढल्या. "बाबांनी 'जा' म्हटलं त्यांनी डावीकडे व्हा, 'थांब' म्हटलं त्यांनी उजवीकडे!"

कुणी जागचं हललं नाही. "बोलाल तर मराल!" बाबा कडाडले.

तेवढ्यात जाळी विणणारी एक बाई पुढे आली. गेल्याच वादळात तिचा नवरा गेला होता. "आमच्या ह्यांना 'जा'च सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी खोदून विचारलं, ते बोलून गेले. मला वाटत आलं, म्हणूनच बुडाले."

मग एकजण डावीकडे सरकला, दुसरा उजवीकडे. बघता बघता गर्दीची दोन शकलं झाली. भाऊ डावीकडे उभा होता, पांढराफटक पडलेला.

"बघा," बाई म्हणाल्या. "काहीही झालं तरी एका बाजूचं खरं ठरणारच, आणि तेच लोक येऊन डंका पिटणार. वेधशाळाही चुकते. पण ती सगळ्यांना एकच सांगते, उघड सांगते, म्हणून तिची चूक पकडता येते. बाबांची चूक ज्यांच्या वाट्याला आली, ते सांगायला परत आलेच नाहीत!"

बाबा काढता पाय घेऊ लागले, पण लोकांनी वाट अडवली. भावाने मुकाट्याने दोर पुन्हा बांधला. दुपारी वादळ धडकलं, तेव्हा एकही बोट बाहेर नव्हती.

जाळीवाली अजून रडत होती. बाई तिच्याजवळ टेकल्या. "वहिनी, तुमच्या विचारण्याने ते बुडाले नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनीच एकमेकांना विचारलं असतं, तर ते वाचले असते."